समुद्रपूरहून चार दिवसांचे परदेश

परदेशात चार दिवस कुठे जावे, हा विचार आपण बहुधा शहराच्या नावापासून सुरू करतो. पॅरिस, सिंगापूर, बँकॉक, दुबई ही नावे आधी डोक्यात येतात, मग मोबाइलवर त्यांचे फोटो पाहिले जातात, मग तिकिटांचे दर. तिथे कसे पोहोचायचे हे सगळ्यात शेवटी. समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावातून निघणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, असे माझे म्हणणे आहे. आधी विमानतळ ठरवावा, मग तिथून थेट जाणारे विमान पाहावे, मग ते कोणत्या वारी जाते आणि कोणत्या वारी परत येते ते. शहराचे नाव या तिन्हींतून आपोआप पुढे येते आणि ते अनेकदा आपल्या यादीत नसलेले असते.

याचे कारण साध्या भूगोलात आहे. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, वर्धा रोडवर, शहराच्या दक्षिण अंगाला आहे. समुद्रपूरहून जामला यायचे, हैदराबाद–नागपूर महामार्गाला लागायचे आणि नागपूरच्या गर्दीत न शिरता विमानतळ गाठायचा. दीड तासाचे हे काम. विरार किंवा बदलापूरच्या माणसाला सहारच्या विमानतळावर पोहोचायला साधारण एवढाच वेळ लागतो, आणि वाहतूक तुंबली तर जास्तच. त्यामुळे ‘आपण आडबाजूला राहतो, परदेश म्हटला की मुंबई आलीच’ ही समजूत निदान काही शहरांपुरती खोटी आहे. नागपूरहून शारजाला एअर अरेबियाची आणि दोह्याला कतार एअरवेजची थेट सेवा आहे. ही विमाने रोज नसतात, म्हणून सुट्टी किती दिवसांची हे आपल्याआधी वेळापत्रकच ठरवते. पण उड्डाण चार तासांच्या आतबाहेरचे आहे.

आता तास मोजून पाहू. चार दिवस म्हणजे शहाण्णव तास. समुद्रपूरच्या घरातून निघून, विमानतळावर तीन तास आधी पोहोचून, थेट विमानाने शारजात उतरून मुक्कामी जायला नऊ-दहा तास लागतात. जाऊन-येऊन वीस. हाच प्रवास मुंबईत किंवा दिल्लीत विमान बदलून पुढे सहा तासांवरच्या शहरापर्यंत केला, तर मधले वाट पाहणे धरून एका बाजूला सोळा-सतरा तास सहज जातात. शहाण्णवातले बत्तीस-चौतीस प्रवासात, पंचवीस-तीस झोपेत, म्हणजे शहरासाठी फार तर दीड दिवस जागेपणी उरतो. पॅरिसचे गणित तर मांडायलाच नको. माझ्या मते सुट्टीच्या पाव हिश्श्याहून जास्त वेळ वाटेत जात असेल, तर ते शहर कितीही सुंदर असो, ते चार दिवसांचे नव्हे. त्याला दहा दिवस द्यावेत किंवा तूर्त सोडावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: शारजात आहे काय? वाळवंट, मॉल आणि शेजारी दुबई. हा आक्षेप घेणाऱ्यांना शारजा ठाऊक असते ते क्रिकेटमुळे. एप्रिल १९९८ मध्ये सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन दिवसांच्या अंतराने ठोकलेली दोन शतके तिथल्याच मैदानावरची. पण त्याच वर्षी युनेस्कोने शारजाला अरब जगताची सांस्कृतिक राजधानी म्हटले होते, आणि २०१९ मध्ये हेच शहर जागतिक ग्रंथ राजधानी ठरले. इस्लामी संस्कृतीचे संग्रहालय आहे, जुन्या वस्तीतले बाजार आहेत. आणि अल महत्ता आहे: १९३२ साली ब्रिटनहून हिंदुस्थानाकडे येणारी विमाने जिथे मुक्काम करत तो तळ, आता संग्रहालय झालेला. दोह्यात आय. एम. पेई यांनी आखलेले इस्लामी कलेचे संग्रहालय समुद्राच्या काठावर आहे, जवळच सूक वाकिफचा बाजार, आणि २०१९ पासून मेट्रो. छोट्या सुट्टीला असेच शहर लागते, जिथे पाहण्यासारख्या गोष्टी जवळजवळ आहेत. शारजात राहून रोज दुबई पाहण्याचा बेत मात्र मी टाळीन. दोन्ही शहरांमधल्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ जी कोंडी होते, तीत थेट विमानाने वाचवलेले तास परत जातात. शारजात दारूबंदी आहे, हे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांनी आधीच लक्षात घ्यावे. वर्धा जिल्ह्यातही दारूबंदीच आहे, तेव्हा समुद्रपूरकराला तिचे नवल वाटू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आखातात तणाव वाढला की आकाश बंद होते. जून २०२५ मध्ये कतारने आपली हवाई हद्द काही तास बंद केली होती. तेव्हा निघण्याआधी बातम्या आणि परराष्ट्र खात्याच्या सूचना पाहणे आलेच. पण अडचण आलीच, तर थेट विमानाचा प्रवासी जास्त सुरक्षित असतो. त्याचे तिकीट एक, कंपनी एक, पर्यायी सोय किंवा पैसे परत करण्याची जबाबदारी त्याच कंपनीची. स्वस्त पडते म्हणून नागपूर–मुंबई वेगळे आणि मुंबई–परदेश वेगळे तिकीट काढणाऱ्याचे पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर तो भुर्दंड त्याचाच.

ऋतूचा प्रश्न मात्र माझ्या युक्तिवादाला खरोखर अडवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आखाताचा चांगला काळ, आणि समुद्रपूर तालुक्यात तेव्हाच कापसाची वेचणी आणि पुढे तुरीची कापणी असते. शेतकऱ्याने घर सोडायचे कसे? दहा दिवस सोडता येत नाही, हे खरे. पण कापूस एकदम घरी येत नाही. एक वेचणी झाली की पुढची बोंडे फुटेपर्यंत थोडी उसंत मिळते, आणि तेवढ्यात चार दिवस बसतात. ‘एवढा खर्च करायचा तर आठ-दहा दिवस तरी जाऊन यावे’ असे सांगणारे हे विसरतात की तिकीट पैशांचे असले तरी सुट्टी दिवसांची असते, आणि दुकानदार, शेतकरी, शिक्षक यांच्याकडे सलग दिवसच नसतात. शासकीय नोकरीतल्यांना तर परदेशी जाण्याआधी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तो अर्ज तिकिटाच्या आधी. रमजानचा महिना मात्र पाहून घ्यावा, कारण तेव्हा दिवसा बरीच उपाहारगृहे बंद असतात. शुक्रवारी सकाळीही बरेच काही बंद असते, म्हणून पोहोचायचा दिवस शुक्रवार नसलेला बरा.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आखातात जाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हा माझा नियम मोडून दिल्लीमार्गे काठमांडू गाठावे. ते सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, काठमांडू, पाटण आणि भक्तपूर हे तिन्ही दरबार चौक एकाच खोऱ्यात आहेत, आणि भारतीयाला तिथे मतदार ओळखपत्रावरही जाता येते.

ही शेवटची सोय वाटते त्याहून मोठी आहे. युरोपच्या व्हिसासाठी आयकर विवरणपत्रे आणि काही महिन्यांचे बँक खातेउतारे मागतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक शेतकऱ्यांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते, आणि खात्यात पैसे येतात ते कापूस विकला की एकदम, मग कित्येक महिने काहीच नाही. पगारदाराच्या खात्याची सवय असलेल्या अधिकाऱ्याला हा उतारा संशयास्पद वाटू शकतो. म्हणून ज्या देशांत भारतीयांना व्हिसा लागत नाही, विमानतळावर मिळतो किंवा ऑनलाइन मिळतो, त्यांना समुद्रपूरकराने आधी पसंती द्यावी. कतारमध्ये भारतीयांना काही अटींवर पोहोचल्यावर प्रवेश मिळतो, अमिरातीचा व्हिसा बहुतेकांना आधी काढावा लागतो. थायलंड आणि मलेशियाने अलीकडच्या वर्षांत भारतीयांना व्हिसामाफी दिली. अशा सवलती मुदतीच्या असतात, म्हणून तिकिटाच्या दिवशी पुन्हा तपासाव्यात.

बँकॉक आणि क्वालालंपूरचे नाव निघाले की समुद्रपूरकराने मुंबईकडे नव्हे, दक्षिणेकडे पाहावे. जामवरून जाणारा महामार्ग सरळ हैदराबादला पोहोचतो. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत सेवाग्रामला थांबते आणि दुपारपर्यंत सिकंदराबादला सोडते. तिथून शमशाबादच्या विमानतळावर रात्रीचे बँकॉकचे विमान, साधारण साडेतीन तासांचे. पाव हिश्श्याच्या मापाने हा प्रवास बराच जास्त भरतो, चारहून बरेच जास्त दिवस मिळाले तरच बसतो. चारच असतील, तर दुपारी सिकंदराबादला उतरल्यावर चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय पाहून परत येण्यातही काही वाईट नाही, फक्त त्याला परदेश म्हणता येत नाही.