पोळीचं निम्मं यश गिरणीत

म्हैसूरच्या वडियार घराण्यातल्या एका राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी भुकटी करण्याचं तंत्र इथलंच. पण मराठी गृहिणीनं आणि आता स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या पुरुषांनीही, या संस्थेचं ऋण मानावं ते वेगळ्या कारणासाठी. आपल्या पोळीकडे तिथल्या शास्त्रज्ञांनी पावाची गरीब बहीण म्हणून पाहिलं नाही. गहू कोणता, दळला कसा, कणकेनं पाणी किती घेतलं, पोळी किती फुगली, संध्याकाळपर्यंत मऊ राहिली का, याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला.

त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट दळणाची. गिरणीच्या दोन दगडांमध्ये दाणा चिरडला जातो, पीठ चांगलंच तापतं आणि त्यातल्या पिष्टाचे पुष्कळ कण तुटतात. तुटलेला कण अखंड कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो. म्हणून गिरणीच्या पिठाची कणीक सैल भिजवता येते आणि त्या पाण्यामुळेच पोळी डब्यातही मऊ राहते. मैद्याच्या कारखान्यात दाणा लोखंडी रुळांमधून टप्प्याटप्प्यानं जातो, कोंडा आणि अंकुर वेगळे होतात आणि कण तुलनेनं कमी तुटतात. ते पीठ पावाला उत्तम, पण पोळीला त्याची साथ नाही. पोळी बिघडली की आपण करणाऱ्याच्या हाताला नावं ठेवतो. मला हा अन्याय वाटतो. निम्मा निकाल पीठ परातीत पडण्याआधीच लागलेला असतो.

उरलेला निम्मा भिजवण्यात आणि भाजण्यात. कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवली की कोंड्यात पाणी मुरतं, तिंबताना ताणलेलं प्रथिनांचं जाळं सैलावतं आणि लाटताना पोळी मागे आखडत नाही. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू जेमतेम सुकू द्यायची, दुसरीवर ठिपके येऊ द्यायचे आणि मग फुलका आचेवर टाकायचा. दोन्ही अंगांना पातळ पापुद्रा धरलेला असतो, आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि फुलका टम्म फुगतो. कडेला कुठे चीर गेली, तर वाफ तिथूनच निसटते. घडीच्या पोळीत आणखी एक युक्ती: तेलाचा हात आणि वर पिठीची चिमूट, म्हणजे पदर एकमेकांना चिकटत नाहीत.

म्हैसूरच्याच संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं सैनिकांसाठी महिनोन् महिने टिकणारी चपाती तयार केली. १९८४ मध्ये राकेश शर्मांसोबत अंतराळात गेलेले भारतीय पदार्थही याच प्रयोगशाळेचे. घरी मात्र शिळी पोळी फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय मोडावी. त्या थंडाव्यात शिजलेलं पिष्ट बाहेरच्यापेक्षा लवकर आवळतं आणि पोळी वातड होते. ती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवणंच बरं.

म्हैसूर हा खरा नाचणी-तांदळाचा मुलूख. तिथली अक्की रोट्टी म्हणजे तांदळाच्या पिठात कांदा, मिरची, बरेचदा शेपू घालून तेल लावलेल्या तव्यावरच बोटांनी थापायची. आपल्या थालीपिठाची सख्खी शेजारीण! तांदूळ, नाचणी, ज्वारी यांत गव्हासारखं ताणलं जाणारं प्रथिन नाही, म्हणून चिकटपणा दुसरीकडून आणावा लागतो. कोकणात तांदळाची उकड काढतात, देशावर ज्वारीच्या पिठात कढत पाणी घालतात. दोन्हीकडे काम एकच, थोडं पिष्ट शिजवून त्याची खळ करणं. मग ते तळहातानं रगडून रगडून मळायचं, थापायचं, तव्यावर टाकल्याबरोबर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायचं. उशीर झाला की चिरा पडल्याच.

भाकरीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, कितीही कढत पाणी घातलं तरी भाकरी थापताना फाटते. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे तिचं पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं. पीठ ताजं ठेवणं आपल्या हाती; धान्याचं सत्त्व मात्र मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं, २०१६ मध्ये तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. सांगली, बेळगावकडे खपली गहू टिकून आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचा बुटका, न लोळणारा वाण काढला. एवढं सगळं शेतात होत असताना दाणा कोणता आणि दळला कधी हे ठाऊक नसलेलं पाकीट आपण घरात आणतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नोकरीच्या धबडग्यात गिरणीत जायला वेळ होत नाही, हे खरंच आहे. तरी महिन्याचं दळण एकदम आणू नये. गहू पंधरा दिवसांचा, ज्वारी आठ-दहा दिवसांची आणि बाजरी त्याहून थोडी दळावी. गिरणीवाल्याला गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी टाकायला सांगावं, आणि घरी आणलेलं गरम पीठ लगेच डब्यात न कोंबता परातीत पसरून निववावं.