हृदयाचे औषध आणि डोळ्यांची धास्ती

हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले असता ते ताळ्यावर आणण्यासाठी वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या औषधांत अमिओडॅरोनची गणना प्रामुख्याने होते. आणि ते घेणाऱ्या रुग्णाला नेत्रतपासणीत ‘बुबुळावर औषध साचले आहे’ असे सांगण्यात आले, की आता दृष्टी जाणार अशा समजुतीने तो गोळ्या परस्पर बंद करतो, हा या औषधासंबंधीचा सर्वांत घातक गैरसमज होय.

वस्तुस्थिती अशी की, हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या बहुतेक सर्वांच्याच पारपटलावर, म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक पडद्यावर, भोवऱ्याच्या आकाराच्या पिंगट रेषा कालांतराने उमटतात. त्या नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शक उपकरणाखालीच स्पष्ट दिसतात, दृष्टीला सहसा बाध आणीत नाहीत, आणि औषध थांबल्यावर काही महिन्यांत विरून जातात. थोड्या रुग्णांना रात्री दिव्यांभोवती प्रभावलये दिसतात, एवढीच काय ती तक्रार. केवळ या रेषांपायी औषध सोडणे म्हणजे किरकोळ चिन्हासाठी प्राण धोक्यात घालणे आहे. शिवाय शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सरासरी ५८ दिवस लागत असल्याने, दोन दिवस गोळी चुकवून डोळ्यांना कसलाही आराम मिळत नाही.

खरी धास्ती बाळगावी ती निराळ्याच गोष्टीची, आणि तिच्याकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. क्वचित काही रुग्णांत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस सुजते आणि नजर, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांची, हळूहळू मंदावते; हृदयविकाराच्या रुग्णांत रक्तवाहिन्यांच्या दोषानेही असेच घडू शकत असल्यामुळे दोष नेमका औषधाचा की विकाराचा, याचा निवाडा तज्ज्ञांनाही अवघड जातो. अशा वेळी ‘वय झाले, मोतीबिंदू असेल’ म्हणून वाट पाहण्यात दृष्टीचे कायमचे नुकसान होऊ शकते.

हृदयाच्याच दुसऱ्या एका औषधाची, डिजॉक्सिनची, गोष्ट वेगळी. पदार्थ पिवळे-हिरवे दिसू लागणे हे रक्तात त्या औषधाचा अतिरेक झाल्याचे लक्षण असू शकते, आणि हे औषध ज्या डिजिटॅलिस वर्गातील वनस्पतींपासून मिळते, त्यांच्याबाबत असे लक्षण इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्येच नोंदवून ठेवले आहे. तेथे चष्म्याचा नंबर तपासत न बसता हृदयाच्या डॉक्टरांकडे तातडीने जावे.

औषधोपचार चालू असलेल्या प्रत्येकाला विनंती एवढीच, की नेत्रतज्ज्ञासमोर बसताच आपल्या सर्व गोळ्यांची यादी पुढे ठेवावी, नजर कमी झाल्यास त्याच दिवशी दाखवावे, आणि औषध बदलण्याचा वा थांबवण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाच्या हाती सोपवावा.