डोंगरवाटेची शिदोरी

दिल्लीच्या दक्षिणेस वसलेले फरीदाबाद हे कारखान्यांचे शहर. परंतु त्याच्या पश्चिम अंगाला अरवलीची प्राचीन रांग अगदी दारापर्यंत येऊन टेकली आहे. सूरजकुंड, बडखल, मांगर या भागांतील टेकड्या सह्याद्रीच्या मानाने ठेंगण्याच. कळसूबाईची १६४६ मीटर उंची मनात धरून आलेला महाराष्ट्रीय माणूस त्यांना डोंगर म्हणावयासही कचरेल. त्यामुळे पाण्याची एक बाटली घेऊन तेथे जाणारे पुष्कळ, आणि तेवढ्याच तयारीने पुढे हिमालयाची वाट धरणारेही काही कमी नाहीत.

संकटकाळचे साहित्य निवडताना डोंगराची उंची मोजून भागत नाही. हा डोंगर माणसाकडून प्रथम काय हिरावून घेईल, हा खरा प्रश्न होय. अरवली पाणी हिरावते, पावसाळी सह्याद्री वाट हिरावतो आणि हिमालय ऊब हिरावतो.

अरवलीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खडक तापतात आणि काटेरी झुडपांची सावली नावापुरतीच असते. अशा वेळी माणशी किमान तीन लिटर पाणी, जलसंजीवनीची पाकिटे आणि डोक्याला रुंद काठाची टोपी हवीच. येथे आणखी एक धोका दबा धरून असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ नंतरच्या आदेशांनी बंद झालेल्या खाणींचे खड्डे पाण्याने भरले आहेत. वरून निळेशार दिसणारे हे पाणी काठालगतच एकाएकी खोल होते. त्यात उतरून अनेकांनी प्राण गमावले आहेत. पाठीवर पुरेसे पाणी असलेल्याला तो मोह सहसा होत नाही.

सह्याद्रीत धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. तेथे साधी शिटी मोलाची ठरते, कारण ओरडून घसा बसतो, शिटीचा आवाज मात्र टिकतो. मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट विसावा, हा गिर्यारोहकांचा रूढ संकटसंकेत. त्याचे उत्तर मिनिटाला तीन शिट्यांचे. रात्री हाच संकेत विजेरीनेही देता येतो. म्हणून विजेरी आणि तिचे जादा सेल विसरू नयेत.

हिमालयाचे गणित निराळे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्यात कपडे भिजले आणि वारा सुटला, तर शरीराची ऊब झपाट्याने जाते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या मार्गावर २२ जणांची तुकडी हिमवादळात सापडली आणि त्यांतील ९ जण दगावले. मैदानात लोक उन्हाने हैराण होते, त्याच दिवसांतली ही गोष्ट! म्हणून उंचावर सुती कपड्यांवर विसंबू नये; भिजलेले सूत अंगाची ऊब शोषून घेते, लोकर त्या मानाने ती राखते. लोकरीचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवावा. त्यावर वारा-पाऊस अडविणारा अंगरखा आणि चंदेरी मुलाम्याचे पातळ पांघरूण असावे. हे पांघरूण ऊब निर्माण करीत नाही; अंगची ऊब परत फिरविते एवढेच. म्हणून ओले कपडे आधी उतरवावेत, मग ते लपेटावे.

दोर, औषधांची पेटी, स्टोव्ह ही सामाईक चीजवस्तू तुकडीत वाटून घेता येते. पण शिटी, विजेरी, पाणी, मूठभर खाऊ आणि उबदार कपडा ज्याचा त्याने आपल्याच पाठीवर वाहावा. खेचरावर लादलेले सामान मुक्कामी पोहोचते, आणि संकट येते ते वाटेत. निघण्यापूर्वी घरीच, दिवा मालवून, हातमोजे घालून प्रत्येक वस्तू पिशवीतून काढून पाहावी. अंधारात जी सापडत नाही, ती असून नसल्यासारखीच.

शेवटची वस्तू मात्र पिशवीत मावणारी नव्हे. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे मागे राहणाऱ्या कुणाला तरी लिहून द्यावे. शिटी कितीही जोरात वाजली, तरी ती ऐकावयास कुणीतरी शोधीत यावे लागते.