पाच भिक्खू असले की पुरे

बौद्ध धर्म श्रीलंकेपासून जपानपर्यंत पोहोचला आणि हिंदू धर्म मुख्यतः उपखंडातच राहिला. असं का, म्हटलं की लोक चटकन सम्राट अशोकाचं नाव घेतात. पण राजाश्रय हिंदू धर्मालाही काही कमी मिळाला नाही. मला विचाराल तर खरा प्रश्न साधा आहे: नव्या मुलखात धर्म उभा करायला कमीत कमी किती माणसं लागतात, आणि ती मिळतात कुठून?

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक हकिगत आहे. अवंतीतल्या, म्हणजे आजच्या माळव्यातल्या, सोण कुटिकण्ण याला भिक्खू व्हायचं होतं. उपसंपदेला, म्हणजे पूर्ण भिक्खुदीक्षेला, दहा भिक्खूंचा संघ लागे. तिकडे भिक्खूच विरळ. दहा जमवता जमवता तीन वर्षं गेली. पुढे सोण बुद्धांच्या भेटीला श्रावस्तीला निघाला, तेव्हा त्याचे गुरू महाकच्चान यांनी त्याच्याजवळ निरोप दिला, की आमच्याकडे नियम जरा सैल करा. बुद्धांनी ऐकलं. सीमेकडच्या मुलखात पाच भिक्खू पुरेत, फक्त त्यांतला एक विनयाचा जाणकार हवा. शिवाय तिथली जमीन कठीण, गुरांच्या खुरांनी उखणलेली, म्हणून जाड तळव्याच्या वहाणा घालायलाही परवानगी मिळाली. ज्या धर्मात वहाणांचाही विचार होतो, तो लांब चालणारच!

आता हे पाच जण व्यापारी तांड्याबरोबर निघाले असं समजा. पावसाळ्यात वर्षावास, म्हणजे तीन महिने एका जागी मुक्काम. त्यातून विहार उभा राहतो, गावातली मुलं दीक्षा घेतात, कुणी कुणाची जात विचारत नाही. पुरेसे भिक्खू तयार झाले की त्यांतले काही पुढच्या वाटेला लागतात. खर्च व्यापारी उचलतात; कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर त्यांची नावं आजही वाचता येतात.

हिंदू धर्माची घडी जन्मावर बसलेली. पुरोहित त्या कुळातलाच हवा आणि जात तर गावात, सोयरिकीत रुतलेली. ती गाठोड्यात बांधून नेता येत नाही. बौधायन धर्मसूत्रानं समुद्रप्रवास पातकांत धरला. तरी ब्राह्मण गेलेच. बोर्निओत कुताईच्या मूलवर्मा राजानं त्यांना दिलेल्या दानांचे इ. स. ४०० च्या सुमाराचे संस्कृत लेख यूपांवर, म्हणजे यज्ञाच्या खांबांवर, आहेत. अंकोरवाटही मुळात विष्णूचंच मंदिर. पण ही वाट दरबारातून जाणारी होती. दरबार बदलले तसा धर्म ओसरला, अंकोरवाट बौद्ध झालं; बालीत मात्र तो टिकला.

पाचांच्या नियमाला दुसरी बाजूही आहे: पाच नसले की सारं अडतं. अठराव्या शतकात श्रीलंकेत रीतसर उपसंपदा झालेले भिक्खू उरले नव्हते. १७५३ मध्ये सयामहून उपाली थेर आणि त्यांच्याबरोबरचे भिक्खू आले, तेव्हा ती परंपरा पुन्हा सुरू झाली.

उपासकाच्या दीक्षेला असं गणित नसतं, पण ती द्यायला भिक्खूच हवा अशी रीत होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आधी भदंत चंद्रमणींकडून दीक्षा घेतली. मग समोरच्या लाखोंना ती त्यांनी स्वतःच दिली, आणि ते गृहस्थ होते.