हतनूरची शिरगणती

अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून वाघूर नदी पहूरला येते, पुढे धरणात अडते आणि जळगावच्या नळांना पाणी देते. पण खानदेशातले पाहुणे पाणपक्षी डोळे भरून पाहायचे, तर पहूरकरांनाही तापीवरच्या हतनूरचाच रस्ता धरावा लागतो.

४१ दरवाजांचं हे धरण भुसावळ तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमाच्या खालच्या अंगाला आहे. पुरात भरमसाट गाळ येतो. धरणवाल्यांची ही डोकेदुखी पक्ष्यांच्या मात्र पथ्यावर पडते; कडेला पाणी उथळ राहतं, पाणवनस्पती माजतात. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था इथल्या पक्ष्यांच्या नोंदी नेटाने ठेवत आली आहे. पक्ष्यांची अशीच शिरगणती करणाऱ्या, जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेची सुरुवात भारतीय उपखंडात १९८७ साली झाली.

मोजायचं कसं? एकेक पक्षी मोजत बसलं, तर मोठा थवा कधीच पुरा होत नाही. आधी दहा मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरायचं आणि तेवढेच तुकडे थव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाडत जायचं. थापट्या बदकं पसरट चोचीने पाणी गाळत घोळक्याने गरगर फिरतात. काळे वारकरी नेमके मोजतानाच बुडी मारतात. आणि वरून दलदली भोवत्या आला, की सगळे एकदम उठतात, मुसळ केरात! पुन्हा पहिल्यापासून.

आकडा वाढला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत. दुष्काळात आसपासचे पाझर तलाव आटले की पक्षी मोठ्या जलाशयावर गोळा होतात. भरपूर पावसाच्या वर्षी तेच गावोगाव पांगतात. म्हणून एका वर्षाचा आकडा फसवा. जागा तीच, महिना तोच, अशी वर्षानुवर्षं मोजणी झाली तरच कल कळतो. त्यातही कोण घटलं आणि त्याच्या जागी कोण आलं, हे एकूण बेरजेपेक्षा महत्त्वाचं. बुडी मारणारी बदकं कमी होऊन शेकाटे वाढले, तर पाणी उथळ झालं का, त्यात सांडपाणी येतं का, हे तपासायला हवं. न दिसलेला पक्षीही इथे माहिती देतो.

रामसर कराराच्या एका निकषानुसार, जिथे नियमितपणे २०,००० पाणपक्षी येतात ती पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. या महत्त्वाचे दावे अशाच वर्षानुवर्षांच्या नोंदींवर उभे राहतात. नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीला २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला.

मोजणीच्या तक्त्यात पक्ष्यांखेरीज पाण्याची स्थिती, मासेमारी, काठची शेती यांचीही नोंद करायची असते. हौशी मंडळी दुर्मीळ बदकाच्या नादात ते रकाने कोरे सोडतात. माझं मत विचाराल, तर गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळावरची पेरणी, कुठवर सरकली आणि पंप किती बसले, हे आधी लिहावं; बदक मग.