साठीनंतरचा खोडवा
— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे; पण उसाच्या सरीपासून फार लांबचा नाही. गटागटांतून फिरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. बांधावर उभे राहून ज्यांच्याशी आम्ही लागणीची बोलणी करतो ते सभासद सत्तरीच्या पुढचे, आणि प्रत्यक्ष दारे धरणारा त्यांचा मुलगा पन्नाशीला टेकलेला. उसाची नोंद आजोबांच्या नावे, सोसायटीचे कर्ज आजोबांच्या नावे, बिलही आजोबांच्याच खात्यावर. नातू शिकून घरी आलेला; त्याला शेतीत काय करायचे ते कुणी सांगत नाही. एकाच सात-बाऱ्यावर तीन पिढ्या उभ्या आहेत. पूर्वी हे क्वचित दिसे, आता घरोघरी आहे.

आयुष्य वाढले, रान आटले

१९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. त्या सुमारास आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. याचा अर्थ तेव्हा सगळेच बत्तिशीत जात असा नव्हे. लहान मुले फार दगावत, बाळंतपणात बाया जात, पटकी-हिवतापाने माणसे जात, म्हणून सरासरी एवढी खाली येई. पण साठी गाठणारा माणूस गावात मोजकाच होता, हे खरे.

आज साठीला पोहोचलेल्या माणसाला सरासरी आणखी १८ वर्षे आयुष्य असते. उसाच्या हिशेबात सांगायचे तर आडसाली लागण आणि तिचा एक खोडवा मिळून अडीच वर्षे धरली, तरी साठीनंतर सात लागणी होतात. एवढा काळ ‘आता काय, आमचं राहिलंय किती’ म्हणून ढकलण्याजोगा नाही.

दुसरीकडे रान आटत चालले. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. खाणारी तोंडे तीन पिढ्यांची आणि रान पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाइतके. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे घराघरांतली कुरबूर कुठून येते ते कळते. त्यात दोष ना बापाचा, ना लेकाचा.

शेतकऱ्याला निवृत्ती कुठली?

आपल्या कारखान्यातील कामगाराला निवृत्तीचे वय ठरलेले आहे. त्या दिवशी हारतुरे होतात, फंड मिळतो, ग्रॅच्युइटी मिळते, १९९५ च्या योजनेतून थोडीफार पेन्शनही लागते. ती तुटपुंजी आहे अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. पण शेतकऱ्याला तेवढेही नाही. त्याला निवृत्तीचा दिवसच नाही. गुडघे बोलू लागले, कंबर धरली, तरी रात्रीची लाईट आली की म्हातारं बॅटरी घेऊन विहिरीकडे निघतं.

कारभार हातात असणे यात मोठेपणा आहे, हे आम्ही जाणतो. ज्यांनी पाटपाण्यासाठी भांडून माळ भिजवला, शेअर्सचे पैसे हप्त्याहप्त्याने भरले, त्यांना ‘आता बाजूला व्हा’ म्हणणे सोपे नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. ठिबक बसवावे, सरी साडेचार-पाच फुटांची करावी, रोपलागण करावी, असे मुलाच्या मनात पंचविशीत आलेले असते. ‘नानांना विचारायला लागंल’ असे म्हणत म्हणत तो पन्नाशीला येतो. त्याच्या हाती कारभार येतो तेव्हा त्याचीच उमेद सरलेली असते.

नावाला उशीर झाला की सरकारी योजनाही हुकतात, याचे उदाहरण डोळ्यांसमोरचे आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये प्रधानमंत्री किसान मानधन योजना सुरू केली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याने १८ ते ४० वयाच्या दरम्यान नाव नोंदवायचे, वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरणार, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन. पण अट अशी, की १ ऑगस्ट २०१९ रोजी जमिनीच्या दप्तरी नाव पाहिजे. ज्या घरात सगळी जमीन आजोबांच्या नावावर होती, तिथला खपणारा मुलगा या अटीने बाहेर राहिला. वीस वर्षे रानात राबून कागदावर तो शेतकरीच नव्हता!

कारभार सोडा, पण हातचे राखून

मग सगळे मुलांच्या नावावर करून मोकळे व्हावे काय? तसेही नाही. आम्ही दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत. एका गावी वडिलांनी शेवटपर्यंत कागद हलवला नाही. ते गेल्यावर भावांचा दावा उभा राहिला आणि चांगला तीन एकरांचा फड वादात पडून राहिला. दुसऱ्या गावी वडिलांनी भावनेच्या भरात सगळे बक्षीसपत्राने देऊन टाकले; आज ते चहाच्या पैशासाठी सुनेच्या तोंडाकडे पाहतात. पहिल्याने मूठ सोडली नाही, दुसऱ्याने मूठच रिकामी केली. शहाणपण मधल्या वाटेत आहे.

कुटुंबाची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून जमिनीचे वाटप होते. त्यात आई-वडिलांचा हिस्सा त्यांच्या नावे वेगळा ठेवावा. तो मुलाने कसावा, पण त्या उसाचे बिल म्हाताऱ्यांच्या खात्यावर जावे. नावे वेगळी झाली म्हणून बांध घालून रानाचे तुकडे करायची गरज नाही. विहीर एक, पाईपलाईन एक, मशागत एक. हिशेब तेवढे वेगळे. मुलींचा हक्कही विसरू नये. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तिला बोलावून, विचारून, जे ठरेल ते कागदावर घ्यावे. मागाहून कोर्टात भेटण्यापेक्षा आज घरात बसलेले बरे.

स्वकष्टाची जमीन बक्षीसपत्राने द्यायचीच असेल, तर त्यात ‘आम्हा उभयतांचा हयातभर सांभाळ, औषधपाणी व राहण्याची सोय करण्याच्या अटीवर’ असे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याचे कलम २३ असे आहे, की अशा अटीवर दिलेली मिळकत घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट लिहिलेली नसली की भांडायला जड जाते. मुलावर विश्वास नाही म्हणून हे लिहायचे नाही. बांध घालतो तो काय शेजाऱ्यावर राग म्हणून? बांध असला की शेजार टिकतो.

कारभारणीचे नाव कुठे आहे?

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाईचे आयुर्मान पुरुषापेक्षा दोन-तीन वर्षांनी जास्त आहे. आपल्याकडे नवरा चार-पाच वर्षांनी मोठा असतो. म्हणजे मालकाच्या मागे मालकिणीला सहा-सात वर्षे एकटीने काढावी लागतात, हा साधा हिशेब आहे. त्या वर्षांसाठी तिच्या नावावर काय आहे? बहुतेक घरांत उत्तर येते, काही नाही. भांगलण तिने केली, जनावरे तिने सांभाळली, तोडकऱ्यांना पाणी तिने पाजले. पण ना जमीन, ना ठेव, ना बँकेचे पुस्तक. शरद जोशींनी १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून बायकांच्या नावे जमीन करायला सांगितले, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी ते केले. आपल्या गटांत ते राहिले असेल तर आता करावे.

निदान शेअर्सचे वारसनोंदपत्र तरी तपासावे. पुष्कळ सभासदांचे नॉमिनेशन तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे आहे आणि ज्याचे नाव लिहिले तो आज हयात नाही. एक ध्यानात ठेवावे, की नॉमिनी म्हणजे सगळ्या मिळकतीचा मालक नव्हे. सभासदाच्या पश्चात शेअर्सची रक्कम व हक्क कुणाच्या हाती सोपवायचे एवढेच त्याने ठरते.

टनामागे शंभर रुपये

आता पैशाचे. पगारदाराच्या पगारातून फंड आपोआप कापला जातो, म्हणून तो साठतो. आपल्या बिलातून सोसायटीची वसुली कापली जाते, म्हातारपणाची नाही. ती आपली आपणच कापली पाहिजे.

दोन एकर ऊस आणि एकरी ४० टन उतारा धरू. ८० टन ऊस झाला. टनामागे १०० रुपये बाजूला काढले तर वर्षाला ८,००० रुपये होतात. पस्तिशीत सुरुवात केली आणि शेकडा ७ टक्के चक्रवाढ व्याज धरले, तर साठीला सुमारे ५ लाख जमतात. भरलेले फक्त २ लाख, बाकीचे व्याज. हीच सुरुवात पन्नाशीत केली तर साठीला १ लाख १० हजारच होतात. लागण उशिरा झाली की उतारा कसा घटतो ते आपल्याला वेगळे सांगायला नको. अर्थात पंचवीस वर्षांनंतरच्या ५ लाखांना आजच्या ५ लाखांची किंमत नसणार. म्हणून दर वाढेल तशी टनामागची रक्कमही वाढवावी.

पैसे कुठे ठेवायचे? पोस्टात किंवा बँकेत पीपीएफचे खाते आहे. ते १५ वर्षांचे असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. ४० वर्षांच्या आतील मुलाने व सुनेने, आयकर भरत नसल्यास, अटल पेन्शन योजनेत नाव घालावे. तिला सात-बारा लागत नाही, बचत खाते लागते. साठीनंतर ५,००० रुपये महिना हवा असेल तर अठराव्या वर्षी आलेल्याला महिना २१० रुपये भरावे लागतात आणि चाळिसाव्या वर्षी आलेल्याला १,४५४ रुपये. उशिराची किंमत यात दिसते. साठीनंतर हाती रक्कम असली तर पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तिमाही व्याज मिळते. आणि ७० वर्षांवरील प्रत्येकाने, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढावे. ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा दवाखाना होतो. एका ऑपरेशनात दोन वर्षांची उसाची बिले जातात, हे आपण पाहतोच आहोत.

खोडव्याची निगा

कारभार सोडला म्हणजे माणूस निकामी झाला असे मुळीच नाही. लागणीचा ऊस गेला म्हणून कुणी रान मोडत नाही, खोडवा धरतो. पण खोडव्याला वेगळी निगा लागते. बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, पाचट न जाळता सरीत ठेवावे लागते, खत पहारीने मुळाशी द्यावे लागते. ही निगा राखली तर खोडवा लागणीच्या बरोबरीने उतरतो, आणि खर्च कमी. दुर्लक्ष केले तर मात्र तुटाळ पडते. साठीनंतरच्या माणसाचेही असेच आहे.

काय सोडावे? औषधाची फवारणी, पाठीवर पंप घेणे, रात्रीचे पाणी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे संरक्षणही ७५ वर्षांपर्यंतच आहे. त्यापुढे अंधारात पाय घसरला तर कुटुंबाच्या हाती काही येत नाही. काय धरावे? एक डोळा पद्धतीची रोपवाटिका हे बसून, सावलीत करण्याचे काम आहे. ट्रे, कोकोपिट आणि निवडक बेणे असले की महिना-सव्वा महिन्यात रोप तयार होते. चार बाय दोन फुटांवर एकरी साडेपाच हजारांच्या आसपास रोपे लागतात, त्यामुळे गावातच गिऱ्हाईक आहे. डोळा कुठला चांगला, बेणे कुठले रोगट, हे पारखणारी नजर म्हाताऱ्यांकडेच आहे. माती परीक्षणाचे कागद, खताच्या पावत्या, पाण्याच्या पाळ्यांची वही, वजनकाट्याच्या पावत्या जपण्याचे कामही त्यांनीच घ्यावे. को ७४० च्या काळापासून को ८६०३२ पर्यंत आपल्या रानात कुठली जात कशी आली, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. ते नातवाला लिहून द्यावे.

एवढे करा

१. गळीत हंगाम संपल्यावर, शेवटचे बिल हाती आले की, घरातील सर्वांना एकत्र बसवा. मुलींनाही बोलवा.
२. सात-बारा, आठ-अ, शेअर्स, ठेवी आणि कर्जे यांची एक यादी करून सर्वांना दाखवा.
३. शेती कार्यालयात येऊन शेअर्सचे नॉमिनेशन पाहा, जुने असेल तर बदलून द्या.
४. कारभारणीच्या नावे खाते आणि काही ना काही मिळकत करा.
५. टनामागे किती बाजूला काढायचे ते ठरवून बँकेला लेखी कळवा.
६. पुढच्या लागणीचा निर्णय मुलाला घेऊ द्या. तुम्ही बांधावर उभे राहा. विचारले तर सांगा.

शेवटची गोष्ट करायला अवघड आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण पहिली मोट हाकताना तुमच्याही वडिलांनी कधीतरी कासरा तुमच्या हाती दिलाच होता.