आग नसताना पडणारे पाणी : सभागृहात काम घेणाऱ्यांनी काय पाहावे?

डिसेंबर उजाडला की बारामती व इंदापूर तालुक्यांत गॅदरिंगचा हंगाम सुरू होतो. स्नेहसंमेलने, नाटके, सत्कार समारंभ यांची कामे आपल्या अनेक कारागिरांकडे येतात. डेकोरेशनवाले, लाइटवाले, साउंडवाले, गाद्या-लोड पुरविणारे, पेंटर, वेल्डर अशा सर्वांचा त्यात वाटा असतो. पूर्वी ही कामे बहुधा मैदानात मांडव घालून होत. आता बारामतीत गदिमा सभागृहासारखी मोठी सभागृहे आहेत आणि हमरस्त्यावरच्या इंदापुराहून पुण्या-सोलापूरच्या नाट्यगृहांत काम घेणेही अवघड राहिलेले नाही. मैदानात डोक्यावर कापड होते. बंदिस्त सभागृहात डोक्यावर पाण्याचे पाइप असू शकतात. आग नसताना ते पाणी सुटले तर नुकसानीचे बिल कोणाच्या नावावर फाटेल, याचा विचार मात्र काम घेताना फारसे कोणी करीत नाही.

ही यंत्रणा हवीच कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर कोल्हापूरचे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. लाकूड, कापड, पडदे, दोऱ्या आणि विजेच्या तारा एका छताखाली आल्या की आगीला दुसरे काही लागत नाही. म्हणून रंगमंचावर पाण्याची सोय असते, आणि ती असलीच पाहिजे.

या सोयीचे मुख्य प्रकार दोन, आणि त्यांतला फरक कारागिराने ओळखला पाहिजे. पहिला प्रकार स्प्रिंकलरचा. छताच्या पाइपाला ठराविक अंतरावर तोट्या असतात. प्रत्येक तोटीच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असून तिच्यात रंगीत द्रव असतो. उष्णतेने द्रव फुगतो, नळी फुटते आणि पाणी सुटते. लाल नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. सिनेमात एक तोटी उडाली की सगळ्या हॉलभर पाऊस पडतो, तसे येथे होत नाही. जी नळी तापली तेवढीच तोटी उघडते. परंतु उघडलेली तोटी आपोआप बंद होत नाही. नेहमीच्या तोटीतून एक किलो प्रेशरला मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी पडते. व्हॉल्व्ह कोठे आहे ते शोधण्यात दहा मिनिटे गेली, तर दोनशे लिटरचे चार बॅरल पाणी तुमच्या सामानावर ओतले गेले म्हणून समजा.

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. मोठ्या नाट्यगृहांत रंगमंचाच्या वर किंवा दर्शनी पडद्याच्या रेषेत उघड्या तोंडाच्या तोट्यांची रांग असते. तेथे काचेची नळी नसते. एक मोठा व्हॉल्व्ह उघडला की सर्व तोट्यांतून एकदम पाणी कोसळते. त्याच हिशेबाने पंचवीस तोट्या मिनिटाला दोन हजार लिटर टाकतील. उन्हाळ्यात आपल्या जिराईत गावांना येणारा दहा हजार लिटरचा टँकर पाच मिनिटांत रिकामा झाला, असा तो प्रकार.

हे केवळ कागदावरचे भय नाही. बर्लिनच्या डॉइचे ओपेर या नाट्यगृहात २४ डिसेंबर २०१७ रोजी, ऐन नाताळच्या तोंडावर, आग नसताना यंत्रणा सुटली. रंगमंचाची यंत्रसामग्री भिजली व पुढचे प्रयोग काटछाट करून करावे लागले. एप्रिल २०१९ मध्ये जर्मनीतच ड्यूसबुर्गच्या नाट्यगृहात तसेच घडले आणि तेथील प्रयोग दुसऱ्या सभागृहांत न्यावे लागले. जर्मनांच्या काटेकोरपणाचे आपल्याकडे किती कौतुक होते!

आता कारणांकडे येऊ. ती बहुतेक आपल्याच हातची असतात. शिडी किंवा पाइप फिरविताना नळीला धक्का बसतो. पाइप आयताच मिळाला म्हणून त्याला बॅनर, झालर नाही तर फुलांच्या माळा बांधल्या जातात. हजार वॅटचा दिवा तोटीजवळ लावला जातो आणि तासाभरात तेथली हवा तापून लाल नळी दगा देते. वेल्डिंगची ज्योत वा ठिणगी जवळ गेली तरी तेच. काही ठिकाणी दुसऱ्या प्रकारचा व्हॉल्व्ह धूर ओळखणाऱ्या उपकरणाला जोडलेला असतो. तेथे नाटकातला धूर सोडणारे मशीन धोक्याचे ठरू शकते. पेंटर बंधूंची चूक निराळी आहे. स्प्रे मारताना तोटीवर रंग बसला तर ती आगीच्या वेळी उशिरा उघडते किंवा उघडतच नाही. असा रंग खरवडून चालत नाही, तोटी बदलावी लागते.

पाइपात महिनोन्‌महिने साचलेले पाणी काळे, गंजके आणि दुर्गंधी असते. मखमली पडद्यावरचा त्याचा डाग सहसा निघत नाही. भिजलेली गादी उसवून कापूस पुन्हा पिंजावा लागतो, हे आमच्या पिंजारी वाचकांना सांगायला नको. हार्मोनियमचा भाता आणि अॅम्प्लिफायर यांची गत तर विचारूच नये.

यावर एक उपाय काही मंडळी परस्पर करतात. काम संपेपर्यंत मुख्य व्हॉल्व्ह गुपचूप बंद करून ठेवतात. आम्हाला हा प्रकार साफ नामंजूर आहे. त्या वेळात आग लागली तर पाण्याचे बिल राहील बाजूला, माणसांच्या जिवाचा जाब द्यावा लागेल. दिल्लीच्या उपहार थिएटरात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. व्हॉल्व्ह बंद करणे अगदी आवश्यक असेल तर ते सभागृहाच्या व्यवस्थापनाने करावे, वेळेची नोंद ठेवावी, तोपर्यंत बादल्या व अग्निशामक नळकांडी घेऊन माणूस उभा करावा आणि प्रेक्षक आत येण्यापूर्वी व्हॉल्व्ह उघडून घ्यावा.

राहिला विमा. येथेच अनेकांची फसगत होते. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत स्प्रिंकलरच्या गळतीचे नुकसान धरलेले असते. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी जी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आली, तिच्यातही ते आहे. परंतु इमारतीची दुरुस्ती वा फेरफार चालू असताना, किंवा स्प्रिंकलरचेच काम चालू असताना त्यामुळे झालेली गळती त्यातून वगळलेली आहे. म्हणजे वेल्डर वा रंगारी दुरुस्तीच्या कामावर असेल तेव्हाच मालकाचा विमा हात वर करू शकतो आणि मालक कारागिराकडे बोट दाखवतो. शिवाय डेकोरेशनवाल्याच्या गोदामाच्या पत्त्यावर काढलेला विमा दुसऱ्याच्या सभागृहात नेलेल्या सामानाला लागू होईलच असे नाही. एजंटाला हे दोन प्रश्न स्पष्ट विचारा, आणि आपल्या हातून दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी घेणारी पॉलिसी किती रुपयांत पडते तेही विचारा.

काम घेताना व्यवस्थापनाकडून एका कागदावर लिहून घ्यावे : तोट्या कोठे आहेत, कोणत्या प्रकारच्या आहेत, व्हॉल्व्ह कोठे आहे, किल्ली कोणाकडे असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैत सादर करावे लागते. ते दाखवा म्हणण्यात संकोच कसला? जी तोटी आधीच गळत असेल तिचा फोटो तारखेसह काढून ठेवा आणि तो व्यवस्थापकाला त्याच दिवशी पाठवा.

आणि पाणी सुटलेच तर आधी माणसे बाहेर काढा. पाण्यात उभे राहून विजेच्या बोर्डाला हात लावू नका, मेन स्विच कोरड्या जागेवरून बंद करता येत असेल तरच करा. आग खरोखर नाही याची खात्री झाल्यावरच व्यवस्थापनाच्या माणसाने व्हॉल्व्ह बंद करावा. सामान हलविण्यापूर्वी फोटो घ्या. फुटलेली तोटी फेकू देऊ नका, कारण नळी धक्क्याने फुटली की उष्णतेने, हा वाद पुढे तिच्यावरूनच चालणार आहे.